कारंज्याचं वाक्य

त्या वस्तीत वर्षातून एकदा मोठं भांडण व्हायचं, आणि तेही सरकारी खर्चाने. नगरपालिकेचं ऑफिस प्रत्येक वस्तीला एका कामापुरता निधी द्यायचं आणि वर साळसूदपणे सांगायचं, की काम कुठलं ते तुम्हीच ठरवा. खरी मेख इथेच होती. देणं मूठभर आणि गरजा पोतंभर. ज्याला मिळणार नाही त्याने शिव्या द्यायच्या त्या शेजाऱ्याला, ऑफिसला नाही. ही अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण त्याला बढती नक्की मिळाली असणार.

वस्ती उतारावर होती. माथ्यावर वरची गल्ली, तळाशी खालची गल्ली आणि मधोमध एक चार मजली इमारत. वरच्या गल्लीला पाणी चढायचं नाही. तिथल्या बायका हंडे घेऊन इमारतीच्या नळापर्यंत उतरायच्या आणि भरलेले हंडे घेऊन चढायच्या. खालच्या गल्लीला पाणी होतं, उलट नको तितकं होतं. गल्लीच्या तोंडाशीच उघडा नाला आडवा गेलेला आणि त्यावर फळ्या टाकलेल्या. माणूस जायचा, सायकल जायची. गाडी जायची नाही. इमारतीतल्या लोकांना पाणीही होतं आणि रस्ताही. त्यामुळे त्यांना कशाचीच पडलेली नव्हती, आणि सभेत हात वर करून निकाल लावायचे ते हेच लोक. दोन्ही गल्ल्यांची डोकी सारखीच. इमारत जिकडे झुकेल तिकडे निधी.

पूर्वी जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढायचा. एका वर्षी सभेत खुर्च्या उडाल्या, कुणाचा दात पडला. तेव्हा किराणा दुकानाच्या आजोबांनी एक नियम घालून दिला. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं नाही, वाढप्याने वाढायचं. खालच्या गल्लीतल्या माणसाने वरच्या गल्लीसाठी मागायचं, वरच्याने खालच्यासाठी. ज्याने बोलायचं त्याने आधी दुसऱ्या गल्लीत जाऊन चार घरी बसायचं, त्यांचं दुखणं ऐकायचं. आजोबा गेले, नियम राहिला. वस्तीला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटावा असाच तो नियम होता. पाहुणे आले की त्यांना चहाबरोबर ही गोष्ट मिळायचीच.

फक्त एक गोष्ट आजोबांच्या लक्षात आली नव्हती. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. आणि वस्तीतला एकुलता एक बोलणारा माणूस राहायचा खालच्या गल्लीत.

त्याचं सलून होतं, इमारतीच्या तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, तुरटीचा खडा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत न थांबणारं तोंड. एक कातरी हातात आणि दुसरी तोंडात, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं कातरीमामा. पुढे कातरी गळाली आणि नुसता मामा राहिला. गालाला साबण लागलेला माणूस उलट बोलू शकत नाही, त्यामुळे मामाच्या बोलण्याला धार चढत गेली, असं त्याची बायकोच म्हणायची. तिला अर्थातच सगळे मामी म्हणायचे.

मामा वरच्या गल्लीसाठी बोलायला उभा राहिला, की इमारतीतले लोक खुर्च्या पुढे ओढून बसायचे. त्याने वरच्या गल्लीला दिवे मिळवून दिले, पायऱ्या मिळवून दिल्या, कठडा मिळवून दिला. खालच्या गल्लीसाठी वरच्या गल्लीतला एक निवृत्त कंपाउंडर बोलायचा. माणूस देवासारखा, पण आवाज असा की औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतोय. तो दरवर्षी हरायचा, आणि हरल्यावर मामाकडे येऊन म्हणायचा, माफ करा, यंदाही जमलं नाही.

कुणी म्हणेल, खालच्या गल्लीने बोलणारा बदलायचा होता. एकदा बदललाही होता. वेल्डिंगवाल्याला उभा केला, तर त्याची बोबडी वळली आणि सगळी सभा त्याला हसली. गल्लीला ते फार लागलं. त्यापेक्षा मामा बरा, असं सगळ्यांनी ठरवलं. फळ्यांवरून जावं लागलं तरी चालेल, पण सभा गाजवणारा माणूस आपल्या गल्लीचा आहे, हे सांगता आलं पाहिजे. माणसं अशीच असतात. नाक वर राहिलं की पाय चिखलात असले तरी चालतात.

मामीने उमेदीची वर्षं गाद्या-उशांच्या कारखान्यात काढली होती. कापूस पिंजायचा, भरायचा, टाके घालायचे. कारखाना बंद पडला तेव्हा कापूस घरी आला तो तिच्या छातीत बसून. आधी जिना चढताना दम लागायचा, मग झाडताना, मग बोलताना. ती बाई मुळात थोडं बोलणारी. आता शब्द मोजून वापरायला लागली. मामा गमतीने म्हणायचा, आमच्या घरात बोलायचा सगळा कोटा माझ्याकडे आलाय. ती हसायची. हसली की खोकायची. खोकता खोकता हाताने खूण करायची, पुढचं सांगा. मुलगी लग्न होऊन लांब नांदत होती. घरात ही दोघंच.

गेल्या थंडीच्या शेवटी तिला पहिल्यांदा मोठा झटका आला. ओठ निळे पडले. अँब्युलन्स आली, पण फळ्यांपाशी थांबली. ड्रायव्हरने खाली उतरून नाला पाहिला आणि मान हलवली. शेजाऱ्यांनी आणि वरून धावत आलेल्या कंपाउंडरने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं. फळ्यांवर एकेका माणसाने खुर्ची पुढच्याच्या हातात द्यायची, असं करत पलीकडे पोहोचवली. गाडीत ऑक्सिजन लागला तेव्हा ती शुद्धीवर आली. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, रागावलेला होता. तो मामाला म्हणाला, की औषध घरी देता येतं, ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर गाडीतच बसवलेला असतो. पुढच्या वेळी गाडी दारापर्यंत यायलाच हवी, नाहीतर ती बोलावूच नका.

मामाला ते पक्कं कळलं. त्या दिवसापासून दुकानात दाढी करतानाही त्याला त्या फळ्या दिसायच्या. नाल्यावर एक स्लॅब पडला की गाडी दारात. काम छोटंसं, एका वर्षाच्या निधीत सहज बसणारं. पण ते मागायचं कुणी, तर कंपाउंडरने. आणि हरवायचं कुणी, तर मामाने.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मामी उन्हात बसली होती. मामा जेवून उठत होता. तिने त्याला थांबवलं.

"उद्या वाईट बोला," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, की मी उद्या जातच नाही, अंगात कणकण आहे म्हणून सांगतो. मामीने मान हलवली. न जाणं म्हणजे लबाडी, तिने एकेक शब्द उचलत सांगितलं. वरच्या बायकांनी हंडे वाहून कंबरा मोडून घेतल्यात, त्यांच्यासाठी कुणीतरी उभं राहायलाच हवं. आणि बोलणारा नसला तर सभा मोडते, निधी परत जातो, मग कुणालाच काही नाही. "उभे राहा. खरं तेच सांगा. पण दुसरे लोक बोलतात तसं बोला."

"एवढंच ना? त्यात काय अवघड आहे?"



"मी ओळखून आहे तुम्हाला," ती म्हणाली. "पहिली टाळी पडली की तुम्ही घरचे राहत नाही."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मनापासून दिला. या माणसावर पुढे कितीही राग आला तरी हे विसरायचं नाही, की शब्द देताना तो खोटं बोलत नव्हता.

पण एक गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. शहराच्या मोठ्या चौकात नगरपालिकेने नुकतंच एक कारंजं बांधलं होतं. रंगीत दिवे, संगीत, तीन मजले उंच उडणारं पाणी. ज्या दिवशी मामाने ते पाहिलं, त्याच दिवशी त्याला एक वाक्य सुचलं होतं. ते इतकं नेमकं होतं, की त्याने ते कुणाला, अगदी गिऱ्हाइकालाही ऐकवलं नाही. सभेसाठी राखून ठेवलं होतं. आता ते वापरायचं नव्हतं. ठीक आहे, नाही वापरायचं. पण चांगलं वाक्य नुसतं तोंडात धरून बसणं काय असतं, ते ज्याला कधी एखादं सुचलंय त्यालाच कळेल.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. समोर टेबलामागे नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब, चहाचा कप आणि मनगटावरचं घड्याळ सारखं पाहायची सवय घेऊन आलेले. मामी मागच्या दाराशी खुर्चीवर बसली होती, हवा लागावी म्हणून. तिने यावं असं मामाला वाटत नव्हतं, पण ती म्हणाली, एक मत आहे माझं, ते मी घरी कशाला ठेवू.

सुरुवातीला कुणीतरी विचारलं, की दोन्ही कामं एकाच वर्षी का होत नाहीत. साहेब म्हणाले, यंदा शहराच्या सुशोभीकरणाला प्राधान्य आहे. मागून कुणीतरी म्हणालं, आमचंही थोडं सुशोभीकरण करा, आम्हीही शहरातच राहतो. थोडं हसू झालं आणि विरलं. हा प्रश्न दरवर्षी विचारला जायचा आणि दरवर्षी असाच विरायचा.

पहिल्यांदा कंपाउंडर उठला. नेहमीसारखा घसा खाकरला, नेहमीसारखा जमिनीकडे पाहून बोलायला लागला. पण या वेळी तो खालच्या गल्लीत चार घरी नाही, एकाच घरी जाऊन बसला होता. मामा दुकानात असताना तो तीनचार वेळा मामीशी बोलून आला होता. त्याने सांगितलं, की खालच्या गल्लीत एक ताई आहे, तिचे ओठ निळे होतात. निळे म्हणजे कसे ते मी आयुष्यभर दवाखान्यात पाहिलंय, असं तो म्हणाला. तिला खुर्चीत बसवून फळ्यांवरून हातोहात नेली. माझे हातही त्यात होते. माझ्या हातात खुर्ची आली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, माझा पाय घसरणार. घसरला नाही. पण पुढच्या वेळी माझंच वय वाढलेलं असेल.

एवढं बोलून तो बसला. ना शेवट नीट केला, ना नमस्कार.  इमारतीतली माणसं, जी कधी कुणाकडे बघायची नाहीत, ती माना वळवून दाराशी बसलेल्या मामीकडे बघत होती. मामी खाली बघत होती. कंपाउंडर आयुष्यात पहिल्यांदा जिंकत होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मामाला तर कळलंच.  आता फक्त उठायचं, चार शब्द बोलायचे आणि बसायचं.

तो उठला. म्हणाला, वरच्या गल्लीला पाणी चढत नाही. बायकांना त्रास होतो. पंप आणि टाकी पाहिजे. गरज आहे. त्याच्या तोंडून असलं कोरडं बोलणं ऐकून लोकांना वाटलं, याची तब्येत बरी नाही. वरच्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढच्या बाकावर त्यांच्यातली एक उंच ताई बसली होती, कमरेला पट्टा बांधून. तिने मामाकडे पाहिलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं. तिने नजर वळवली. रागावली नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मामाला ते टोचलं. पण तो थांबला नाही. "एवढंच," म्हणून तो बसायला वाकलाही.

तेवढ्यात इंजिनिअरसाहेबांना बोलायची हुक्की आली. त्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "तसंही ते काम तांत्रिकदृष्ट्या सोपं नाही. पाण्याचा धर्म खाली वाहण्याचा. ते वर चढवायचं म्हणजे गंमत आहे का?"

अर्धा वाकलेला मामा तिथेच थांबला.

हा क्षण त्याने नंतर किती वेळा आठवला असेल. कुणी ठरवून दार उघडावं तसा साहेबाने त्या वाक्याला रस्ता करून दिला होता. इतके दिवस तोंडात धरलेलं वाक्य, आणि समोर त्याच्यासाठी बरोब्बर तेवढीच जागा. त्याने दात दाबून धरले. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"साहेब, मग चौकातल्या कारंज्याचा धर्म वेगळा आहे का हो? तिथे रोज संध्याकाळी तीन मजले चढतंय पाणी, गाणं म्हणत चढतंय. आमच्या बायका हंडे घेऊन तिथेच जाऊन उभ्या राहतील, तुम्ही फक्त त्यांना सुरात भिजायला शिकवा."

आणि हॉल फुटला. बाक वाजले. इमारतीतला एक जाडा माणूस हसून हसून डोळे पुसायला लागला. साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. पहिली टाळी कुठून तरी मागून पडली, आणि मामी म्हणाली होती तेच झालं. तो घरचा राहिला नाही. तो ताठ उभा राहिला, आणि मग बोलतच गेला. हंडा म्हणजे वरच्या गल्लीतला सगळ्यात जड दागिना, असं म्हणाला. नवरी बघायला जातात तेव्हा वरच्या गल्लीत मुलीचा रंग बघत नाहीत, मान किती भक्कम आहे ते बघतात, असं म्हणाला. मग आवाज खाली आणून त्या उंच ताईच्या कमरेच्या पट्ट्याबद्दल बोलला, आणि हसणाऱ्यांचे चेहरे एकदम उतरले. त्यात खोटं काही नव्हतं. हीच तर पंचाईत होती. वरच्या बायकांचं दुखणं खरं होतं, आणि तो ते असं मांडत होता, की ऐकणाऱ्याला स्वतःची कंबर चाचपून बघावीशी वाटावी.

बोलून तो बसला तेव्हा घामाने भिजला होता. टाळ्या थांबत नव्हत्या. आणि मग, विस्तवावर पाणी पडावं तसं, त्याला आठवलं.

हात वर झाले. इमारतीने जवळजवळ सगळे हात वरच्या गल्लीला दिले. खालच्या गल्लीतल्याही दोघातिघांनी भारावून वरच्या गल्लीसाठी हात वर केले आणि मग गोंधळून खाली घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंपाउंडर मामाकडे आला. नेहमी माफी मागायचा, या वेळी मागितली नाही. नुसता थोडा वेळ शेजारी उभा राहिला आणि निघून गेला.

घरी जाताना मामाने मामीचा हात धरला होता. फळ्या त्यांनी एकेक पाऊल टाकत ओलांडल्या. दारात आल्यावर तिने खांबाला टेकून श्वास गोळा केला.

"छान बोललात," ती म्हणाली.

त्यापेक्षा तिने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. त्याला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "तू हात कुणासाठी वर केलास?"

"केलाच नाही."

"का?"

"हसून हसून दम लागला होता," मामी म्हणाली. "हात उचलेना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने तिच्या चेहऱ्यावर तो किती शोधला, पण नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून रडला. तिने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, पुढच्या वर्षी मागू, मी कुठे जातेय. त्याने तिला वचन दिलं, की पुढच्या वर्षी मी तोंड शिवून बसेन. ती म्हणाली, सुई-दोरा माझ्याकडे आहे. तो रडता रडता हसला. ती मात्र हसली नाही, जपून राहिली.

वरच्या गल्लीत पंप बसला, टाकी चढली. पाणी आलं त्या दिवशी बायका नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या. उंच ताईने मामीला दोन्ही हातांनी जवळ घेतलं आणि परत गेली. आणि मामाच्या मागे ते वाक्य लागलं. दुकानात जो येई तो खुर्चीत बसता बसता म्हणे, "काय मामा, कारंज्याचा धर्म वेगळा का?" दाढी होईपर्यंत हसत राही. वाक्य ऑफिसपर्यंत पोहोचलं. बाजारात पोहोचलं. ज्यांनी सभा पाहिली नव्हती तेही ते मामालाच ऐकवायला लागले, आणि अर्धे लोक चुकीचं ऐकवायचे. मामा वस्तरा चालवत राही. त्याला स्वतःच्या त्या वाक्याचा इतका तिटकारा आला, की आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी तो नजर फिरवायचा. दुकानात त्याचं बोलणं कमी झालं. लोकांना वाटलं, नाव झालं म्हणून भाव खातोय.

पुढची सभा यायला अजून पुष्कळ अवकाश होता, तेव्हा मामीला दुसरा झटका आला. भर दुपारी. ती भाजी निवडत होती आणि हातातली जुडी तशीच खाली पडली. शेजारणीने दुकानात फोन केला. मामा गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावला. अँब्युलन्स या वेळी लवकर आली, अगदी लवकर. फळ्यांपाशी येऊन थांबली.

वरच्या गल्लीतले चौघं धावत उतरून आले. त्यांना बोलवावं लागलं नाही. कंपाउंडर आला, त्याने तिच्या तोंडाला औषधाचा फवारा लावला, नाडी धरली आणि मामाकडे न बघता म्हणाला, उचला, लवकर उचला. तिला खुर्चीत बसवली. गल्लीत गाडी यायचीच नाही, म्हणून वाटभर सायकली, पाण्याचे पिंप, कपड्यांच्या दोऱ्या. मामा खुर्चीशेजारून चालत होता, तिचा हात धरून. हात थंड होता. तिने मान थोडी त्याच्याकडे वळवली.

"बोला ना," ती म्हणाली. "काहीतरी."

तो बोलायला लागला. पण त्याच्या मनात एकच भीती होती. ती हसली तर दम जाईल. आहे तेवढा श्वास तिने गाडीपर्यंत पुरवायला हवा होता. म्हणून आयुष्यात कधी बोलला नव्हता तसं त्याने बोलायला सुरुवात केली. टॉवेल धुवायला टाकलेत, म्हणाला. साबणाची पेटी संपत आली, म्हणाला. दुकानाच्या दाराची कडी ढिली झालीय, सुताराला सांगितलंय, तो उद्या येतो म्हणालाय. एक वाक्य धड नव्हतं, एका शब्दाला चव नव्हती. उचलणारे चौघं ऐकत होते, आणि त्यांच्यातला एक रडायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी फळ्या दिसायला लागल्या. पलीकडे गाडीचं दार उघडं होतं, आत सिलिंडर दिसत होता. ड्रायव्हर नाल्याच्या काठाशी उभा होता, तोच मागचा. त्याने नाल्याकडे पाहिलं आणि तशीच मान हलवली. आणि त्याच क्षणी मामाला एक वाक्य सुचलं.

चांगलं सुचलं. कारंज्यापेक्षा चांगलं. ते त्याच्या चेहऱ्यावर आलंच असणार, कारण मामीने ते पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार. त्याला काही सुचलं की त्याच्या डाव्या भुवईला काय होतं, हे तिला पाठ होतं. ओठ निळे होते, डोळे अर्धे मिटलेले, पण तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती वाट बघत राहिली. त्याने बोलावं म्हणून. दोन्ही डोळ्यांनी म्हणत होती, सांगा.

मामाने वाक्य गिळलं. म्हणाला, कडी बसली की दार नीट लागेल.

मग खुर्ची पहिल्या माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. कंपाउंडरच्या हातात आली तेव्हा त्याचा पाय घसरला नाही. पलीकडे पोहोचल्यावर गाडीतल्या माणसाने मास्क लावला, मनगट धरलं, मग मानेला बोटं लावली, मग पुन्हा मनगट. मामा सुताराबद्दल सांगतच होता. कंपाउंडरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे तो थांबला.

ते वाक्य काय होतं, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. तेराव्या दिवशी मुलीने विचारलं, आई शेवटी काय म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, बोला म्हणाली. आणि तुम्ही काय बोललात, असं तिने विचारलं. तो म्हणाला, कडीबद्दल बोललो.  तिला वाटलं, बाबांना प्रश्न नीट ऐकू आला नसावा. तिला कसं सांगायचं, की मामी हसली असती. नक्की हसली असती. हसली असती तर तिचा दम गेला असता, म्हणून त्याने हसवलं नाही. आणि दम तसाही गेला.